न दाखवण्याचा हक्क

३ मार्च, मंगळवार

गेलं! राष्ट्रीय मैदानी स्पर्धांचे सगळे प्रक्षेपण हक्क पाच वर्षांसाठी काचवाल्यांना. अकरा वर्षं आमच्याकडे होते. फेडरेशनच्या सचिवांनी फोनवर सांगितलं, तेही कसं – ‘मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही आमच्या घरच्याच.’ घरच्या माणसाला ताटावरून उठवताना असंच बोलतात.

काचवाले हे नाव मामांनी पाडलेलं. त्या खासगी वाहिनीची इमारत तळापासून गच्चीपर्यंत काचेची आहे, म्हणून. मामा म्हणजे आमचे निर्माते. सख्खे मामा कुणाचेच नाहीत, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. आणि आम्ही म्हणजे राष्ट्रीय क्रीडा वाहिनी. नाव मोठं, लिफ्ट बंद.

संचालक म्हणाले, ‘बोली लावायची आपली ताकद नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पुढचं बघा.’ पुढचं काय बघू? हक्क विभागात मी एकटी अधिकारी, आणि आता कपाटात हक्कच नाहीत!

खरं दुखणं वेगळंच आहे, ते ऑफिसात मामांखेरीज कुणाला माहीत नाही. १२ एप्रिलला याच स्पर्धेत माझी लेक वीस किलोमीटर चालणार आहे. जी पहिली येईल ती देशाच्या संघात. जागा एकच. नऊ वर्षं पोर या एका सकाळसाठी चालते आहे. मी मनात धरून बसले होते की ती सकाळ आमच्या वाहिनीवर दिसेल, माझ्या वाहिनीवर.

५ मार्च, गुरुवार

काचवाल्यांच्या वकीलबाईला फोन केला. आवाज गोड, वय तिशीच्या आतलं असणार. विचारलं, चालण्याची शर्यत दाखवणार का?

‘नाही मॅडम. दीड तास कोण बघणार? आम्ही शंभर मीटर, उड्या, भाला – एवढंच.’

मग ती शर्यत आम्हाला द्या. तुम्हाला नकोच आहे तर.

‘नाही देता येणार मॅडम.’

अहो पण का?

‘एक्सक्लुझिव्ह आहे ना.’ आणि हसली. वाईट हसली नाही, उगीच कशाला खोटं लिहू. शाळेतल्या बाई मठ्ठ मुलीला तिसऱ्यांदा गणित समजावतात, तसं हसली.

म्हणजे आपण खायचं नाही नि दुसऱ्यालाही खाऊ द्यायचं नाही! बावीस वर्षं या धंद्यात काढली आणि ही साधी गोष्ट आज नीट डोक्यात शिरली – दाखवण्याचा हक्क विकत घेतला की त्याच्या पोटात न दाखवण्याचाही हक्क येतो. घ्या, कपाटात ठेवा, कुलूप लावा. कायद्याने सगळं चोख. कुणाच्या श्रमाची अशी घडी घालून ठेवता येते, याचा दिवसभर राग येत राहिला. घरी येऊन नवऱ्यावर काढला. त्याने चहा केला.

६ मार्च, शुक्रवार

लेकीला सांगितलं, शर्यत कुठेच दिसणार नाही. ‘बरं,’ म्हणाली. एवढंच!

९ मार्च, सोमवार

पहाटे दोघं बाहेर पडली, लेक चालत, बाप मागून सायकलवर. त्याच्या गळ्यात शिट्टी नि हातात घड्याळ. तो छापखान्यात प्रुफं वाचतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि पहाटे लेकीच्या. गुडघा वाकला की शिट्टी. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा आता त्या शिट्टीला सरावली आहेत.

शेजारीण आज परत म्हणाली, ‘चालायची कसली शर्यत हो? पळता येत नाही त्यांच्यासाठी असते का?’ नऊ वर्षांत हा विनोद किमान नऊशे वेळा ऐकला असेल. तिला काय सांगणार! पळणं सोपं. पळताना माणूस मोकळा असतो. चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीवर टेकलेला हवा. पुढचा पाय टेकला की शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघा ताठ. पंच रस्त्याकडेला उभे असतात, वाकून पाय बघत. चूक दिसली की लाल कार्ड. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर, मग तुम्ही अंतिम रेषेपासून दोन पावलांवर का असेना. म्हणजे शरीर सगळं ओरडतंय ‘पळ’, आणि आपण म्हणायचं ‘नाही.’ दीड तास!

माझ्यात हा गुण नाही. पोरीत कुठून आला कोण जाणे. बापाकडून असेल.

१४ मार्च, शनिवार

काय लिहू!

काचवाल्यांच्या कराराचं परिशिष्ट काल फेडरेशनने पाठवलं, जुनी रेकॉर्डिंग्ज कुणाकडे राहणार ते ठरवायला. वाचलं तर काय, अकरा वर्षांपूर्वीचा माझाच मसुदा! फक्त वाहिनीचं नाव बदललंय. माझ्या अनुस्वाराच्या चुकांसकट उतरवलाय. सचिवांनी कष्ट घेतले नाहीत आणि त्या गोड आवाजाच्या वकीलबाईने सवयीच्या मजकुरावरून नजर फिरवली असणार.

रात्री जेवताना नवऱ्याला गंमत म्हणून दाखवलं. त्याने खिशातून पेन्सिल काढली. (जेवतानाही खिशात पेन्सिल!) वाचता वाचता थांबला.

‘अगं, यात आपली पोरगी कुठंय?’

कुठंय म्हणजे?

‘हे बघ. “मैदानी स्पर्धा म्हणजे मुख्य मैदानाच्या हद्दीत होणाऱ्या धावण्याच्या, उड्यांच्या व फेकीच्या सर्व स्पर्धा.” ती पळत नाही, उडी मारत नाही, काही फेकत नाही. आणि मैदानात नाहीच, ती तर रस्त्यावर चालते.’

मी कागद ओढून घेतला. तीनदा वाचला. माझंच वाक्य! अकरा वर्षांपूर्वी ‘मैदानी’ या शब्दाची व्याख्या करताना मी मैदान डोळ्यासमोर आणलं आणि रस्ता विसरले. तेव्हा लेक बारा वर्षांची होती, चित्रं काढायची. चालण्याची शर्यत असते हे मला ठाऊक होतं, पण कोण तिची आठवण ठेवतो?

म्हणजे ती शर्यत काचवाल्यांची नाही. आमचीही कधी नव्हती. आम्ही तरी अकरा वर्षांत काय दाखवलं म्हणा – बातम्यांत अंतिम रेषेची दहा सेकंदं. तीही बिनहक्काची!

ती शर्यत कुणाचीच नाही. नवरा म्हणाला, ‘तुझ्या आयुष्यातली ही सर्वांत उपयोगी चूक.’ मी त्याला अर्धी पोळी जास्त वाढली.

१६ मार्च, सोमवार

संचालकांपुढे कागद ठेवला. ‘म्हणजे कुणाचीच नाही?’ – कुणाचीच नाही साहेब. – ‘आणि फेडरेशन आपल्याला देईल?’ – आत्ता मागितली तर देईल. ते खुर्चीत मागे टेकले आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचे दात बघितले. ‘दीड तास थेट! काचवाल्यांच्या नाकावर टिच्चून!’

मामा खोलीत होते. माझ्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘बाई, त्यांना पोरीचं सांगितलं नाहीत.’ मी म्हटलं, आधी पत्र हातात येऊ दे. मामा जिना उतरून निघून गेले, आणि मला ते बोलण्याहून जास्त लागलं.

१८ मार्च, बुधवार

पत्र मिळालं. फेडरेशनच्या ऑफिसात बसूनच मी ते लिहिलं. एक पान. सचिव हसत होते. ‘घेऊन जा हो. आमच्या पोरी कुणाला दिसल्या तर बरंच आहे.’ चांगला माणूस आहे तसा.

‘सदर शर्यत थेट दाखवणे, पुन्हा दाखवणे, ध्वनिचित्रमुद्रित करणे, जतन करणे आणि इतरांस देणे अथवा न देणे, याचे सर्व हक्क वाहिनीकडे राहतील.’ हे शेवटचे शब्द सवयीने हातातून उतरले. बावीस वर्षांची सवय. सही, शिक्का. बसमध्ये पत्र पर्समधून दोनदा काढून बघितलं.

१९ मार्च, गुरुवार

चुकलं. सगळं चुकलं.

लेक सरावाहून आली, पाय बादलीत सोडून बसली होती. मी पत्र तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, बघ! दीड तास! सुरुवातीपासून शेवटपर्यंत! तिने वाचलं. पाण्यातले पाय हलायचे थांबले.

‘तुला कुणी सांगितलं होतं, आई?’

मी म्हटलं, कुणी सांगायला कशाला हवं? आई आहे मी.

‘विचारायचंस तरी.’

मी फणकारले – एवढी ऊरस्फोड केली, कौतुक नाही तर नाही! तेव्हा ती बोलली. हळू बोलली. माझी लेक चिडली की तिचा आवाज खाली जातो.

‘स्लो मोशन लावतील ना?’

लावतील की. पायांशी कॅमेरा ठेवणार आहेत, मामांनी खास मागवलाय. सेकंदाला दोनशे चित्रं काढतो.

‘स्लो मोशनमध्ये आम्ही सगळ्या उडतो, आई. सगळ्या. जगातल्या पहिल्या नंबरचीसुद्धा. दोन्ही पाय हवेत असतात, अगदी क्षणभर. डोळ्याला दिसत नाही. म्हणून तर नियमात लिहिलंय – नुसत्या डोळ्यांना दिसलं तरच चूक. कॅमेरा पुरावा धरत नाहीत. आमचा खेळ त्या एवढ्याशा न दिसण्यावर उभा आहे. आणि तू तो दोनशे तुकडे करून लोकांना दाखवणार. नऊ वर्षं लोक हसतायत. आता चोर म्हणतील.’

मला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

दिवसभर विचार. म्हणजे ते ‘बरं’ खरंच बरं होतं! काचवाल्यांच्या कपाटात तिची शर्यत सुखरूप होती आणि मी ती ओढून बाहेर काढली. कशासाठी? तिच्यासाठी? की ऑफिसातल्या सगळ्यांनी, त्या शेजारणीने बघावं म्हणून, माझ्यासाठी?

दोन्हीसाठी. पण दुसरं जास्त असावं. इथे तरी खरं लिहावं.

२३ मार्च, सोमवार

मामांना सांगितलं, स्लो मोशन नको. त्यांनी डोक्याला हात लावला. ‘बाई, दीड तास माणसं चालताना दाखवायची नि पाय दाखवायचे नाहीत? लग्नात नवरी झाकून ठेवल्यासारखी गत!’ मग मी लेकीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मामा ऐकत राहिले. चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस.

‘थेट चालू असताना स्लो मोशन दाखवणार नाही,’ म्हणाले. ‘पण कॅमेरा रेकॉर्ड करेल. मागवलाय, भाडं चालू आहे, बंद ठेवला तर मला जाब द्यावा लागेल. टेप तुमच्या विभागात जमा करतो. पुढचं तुम्ही बघा.’

लेकीला सांगितलं. ‘थँक्यू’ म्हणाली. आईला थँक्यू!

१ एप्रिल, बुधवार

संचालकांना एकदाचं सांगितलं – शर्यतीत माझी मुलगी आहे. त्यांना आधी एप्रिल फूल वाटलं. मग तोंड उतरलं. ‘हे मला सोळा तारखेला कळायला हवं होतं.’ बरोबर आहे. शर्यतीच्या दिवशी मी नियंत्रण कक्षात पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. लेखी.

१२ एप्रिल, रविवार

पाय गळून गेलेत आणि मी चालले नाही, नुसती उभी होते.

पहाटे पाचला रस्त्यावर. एक किलोमीटरचा फेरा, वीस वेळा. मी शेवटच्या वळणाशी दोरीला धरून उभी. कॅमेऱ्यातून बघायची सवय, उघड्या रस्त्यावर काही सुधरेना. त्या जवळून जातात तेव्हा आवाज येतो – बुटांचा टपटप नव्हे, कापड फाडावं तसा, आणि श्वासांचा. टीव्हीवर हा आवाज कधी ऐकला नव्हता. मामांनी पायांशी बसवलेला कॅमेरा वळणापलीकडे, वीतभर उंचीवर. त्याच्याकडे बघायचं टाळलं.

पुढे एक पिवळ्या मोज्यांची मुलगी. बारीक, काटक, चेहऱ्यावर काहीही नाही. लेक तिच्या मागे. दहाव्या फेरीला फलकावर लेकीच्या नंबरापुढे एक लाल खूण. पंधराव्या फेरीला दुसरी. आता तिसरी पडली की संपलं. बाप दोरीपलीकडे शिट्टी मुठीत आवळून उभा, वाजवायला बंदी म्हणून. दोन लाल कार्डं पडल्यावर शहाणी मुलगी वेग कमी करते. ही कमी करेना.

शेवटची फेरी. दोघी खांद्याला खांदा लावून वळणावर आल्या, माझ्यापासून चार हातांवर. पंच पिवळ्या मोज्यांच्या बाजूला वाकलेला. माझी लेक बाहेरच्या बाजूने निघाली. तीन पावलं, चार पावलं. पुढे!

चार सेकंदांनी जिंकली. तिसरं कार्ड आलं नाही. नवरा रस्त्यात बसून रडला. मीही. पिवळ्या मोज्यांची मुलगी आली, लेकीला मिठी मारली, पाणी प्यायली आणि एकटीच आपली पिशवी उचलून गेली.

त्या चार पावलांच्या वेळी मला काहीतरी दिसलं. दिसलं असं वाटलं. डोळ्यांत पाणी होतं, त्याचं काही खरं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

फोनवर फोन. एका बाईने ऑफिसात फोन करून सांगितलं, ‘सहज लावलं आणि इस्त्री करता करता पूर्ण दीड तास बघितलं, चादरींची घडीसुद्धा विसरले.’ संचालकांनी सगळ्यांना पेढे नाहीत तरी चहा दिला. शेजारीण जिना चढून वर आली. ‘चालणं म्हणजे भलतंच अवघड हो!’

संघाची यादी ४ मेला पक्की होऊन जाणार.

१५ एप्रिल, बुधवार

मामांनी खालच्या कॅमेऱ्याची टेप जमा केली. ‘एकदा बघून घ्या,’ म्हणाले. ‘मी बघितलीये.’ आणि दार ओढून बाहेर गेले.

बघितली. सगळ्याच उडतात, लेक म्हणाली होती तसंच. पण किती सुंदर दिसतं ते! जमीन सुटते, माणूस हवेत तरंगतो आणि पुन्हा टेकतो, जणू काही झालंच नाही. मोजलं. बहुतेक मुली सहा चित्रं हवेत असतात, कुणी सात. पिवळ्या मोज्यांची पाच. शेवटच्या वळणावरसुद्धा पाचच.

माझी लेक एकोणीस फेऱ्या सहा-सातच. शेवटच्या वळणावर चार पावलं – बारा, चौदा, चौदा, तेरा.

ते चालणं नव्हतं. ती चार पावलं पळाली.

मामांना विचारलं, एवढं नुसत्या डोळ्याला दिसतं का? ‘आठच्या पुढे सरावलेल्या डोळ्याला दिसतं,’ म्हणाले. ‘पंचाचं तोंड दुसरीकडे होतं.’ मग म्हणाले, ‘तुमचं नव्हतं.’

१६ एप्रिल, गुरुवार

पिवळ्या मोज्यांच्या मुलीच्या प्रशिक्षकाचा अर्ज आला. शेवटच्या वळणाचं चित्रण मिळावं.

नियमाप्रमाणे चित्रण हा पुरावा नाही. निकाल बदलणार नाही. मग द्यायचं कशाला? पोरीची बदनामी करायला? मी उत्तर टाइप केलं – ‘सदर चित्रण इतरांस देणे अथवा न देणे याचे सर्व हक्क वाहिनीकडे असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.’ एकही चूक नाही. टेप कपाटात. किल्ली पर्समध्ये.

झाकली मूठ सव्वा लाखाची. झोप मात्र लागली नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आणखी तीन अर्ज. प्रशिक्षक पुन्हा, एक वर्तमानपत्र, एक क्रीडा महाविद्यालय. तिघांना तेच उत्तर, फक्त नावं बदलून.

दुपारी काचवाल्यांच्या वकीलबाईचा फोन. त्यांच्या कार्यक्रमाला त्या वळणाची दहा सेकंदं हवी होती. मी म्हटलं, नाही देता येणार.

‘का मॅडम?’

आमच्याकडेच आहे ती टेप फक्त.

पलीकडून तोच गोड आवाज – ‘म्हणजे एक्सक्लुझिव्ह?’

फोन ठेवल्यावर कान तापले होते. दीड महिन्यापूर्वी या बाईला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! आणि तिने निदान दुसऱ्यांच्या पोरी कोंडल्या होत्या, त्याही धंदा म्हणून. मी माझी लपवली, आणि तिच्याबरोबर ती दुसरीही, पाच चित्रांवाली. जी शेवटच्या वळणावरही पळाली नाही. तिचं ते वळण जगात एकाच ठिकाणी आहे आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

लेक स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. ‘आई, शेवटच्या वळणावर तू होतीस ना?’

होते.

‘काय दिसलं?’

मी पाठमोरी होते, ते बरं झालं. म्हटलं, तू पुढे निघालीस, एवढंच दिसलं.

‘बरं,’ म्हणाली.

त्या ‘बरं’चा अर्थ मला मागच्या खेपेला कळला नव्हता. आज कळला आणि मी वळून बघितलं नाही. नवरा बाहेरच्या खोलीत प्रुफं वाचत होता. त्याची पेन्सिल थांबलेली होती. त्यालाही दिसलं असणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस, आणि घरातल्या एका चुकीवर आम्ही दोघंही ब्र काढत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

२७ एप्रिल, सोमवार

पिवळ्या मोज्यांच्या मुलीचाच फोन. आवाज ओळखीचा नव्हता, तिचा आवाज आधी ऐकलाच नव्हता ना कधी.

‘बाई, सरांनी अर्ज केले, मी नको म्हणत होते. मला निकाल बदलून नकोय. मला फक्त माझं चालणं बघायचंय. मी कशी चालते ते मी कधी बघितलंच नाही.’

मी नियम सांगितला. नियम पूर्ण सांगून होईपर्यंत तिने ऐकून घेतला. ‘ठीक आहे बाई,’ म्हणाली. थकलेली वाटली नाही, चिडलेलीही नाही. मला चिडलेली चालली असती.

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

२८ एप्रिल, मंगळवार

टेप पुसून टाकावी असं आज मनात आलं. तोही हक्क आहेच आमचा. मामांना विचारलं, किती वेळ लागतो? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘पुसायला एक मिनिट,’ म्हणाले. ‘पण बाई, तुम्ही मोजलेले आकडे तुमच्या डोक्यातून पुसायचं यंत्र आपल्याकडे नाही.’

नाही पुसली.

३० एप्रिल, गुरुवार

आजच्या टपालात पाचवा अर्ज. छापील नमुना, हाताने भरलेला, अक्षर स्वच्छ. मागणी – शेवटच्या वळणाचं संपूर्ण चित्रण, संथ गतीत. कशासाठी – ‘दुसऱ्या आलेल्या खेळाडूबरोबर बसून पाहण्यासाठी.’ कधीपर्यंत हवे – ‘४ मेच्या आधी.’ खाली दोन सह्या. पहिली मी इयत्ता दुसरीतल्या वहीपासून ओळखते.

मंजूर लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मग शेवटचा रकाना वाचला. ‘वाहिनीतील कर्मचाऱ्याशी नाते असल्यास’ – ‘हक्क अधिकाऱ्यांची मुलगी. या कारणाने अर्ज नाकारू नये, ही विनंती.’